यंत्र शून्य दाखवते तेव्हा

कुंभकोणमहून आठ-दहा किलोमीटरवर नाचियारकोविल नावाचे गाव आहे. पितळेच्या समया ओतणाऱ्या कारागिरांचे हे गाव. तिकडे समईला ‘कुत्तुविळक्कु’ म्हणतात. साच्यासाठी कावेरीकाठची बारीक गाळमाती लागते, आणि ती इथे मिळते तशी दुसरीकडे मिळत नाही, असे कारागीर सांगतात. या समईला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. कुंभकोणम हे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले शहर. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमच्याच एका मराठी घरात जन्मले.

आपण मात्र इथे समईपाशी थांबलो आहोत ते वेगळ्या कारणाने. दिवा उजेड देतो हे सगळ्यांना ठाऊक असते. दिवा हवाही तपासतो, हे आपण विसरत चाललो आहोत.

पूर्वी गावोगाव जमिनीत धान्याची पेवे असत. कित्येक महिने बंद असलेले पेव उघडले की जाणता माणूस त्यात लगेच उतरत नसे. झाकण काढून ते वारा लागू देत तसेच ठेवायचे, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. धान्य श्वास घेते, प्राणवायू संपवते आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. माणूस गुदमरण्याआधी ज्योत गुदमरते. जुनी विहीर उपसतानाही हीच रीत होती. आजच्या भाषेत हा वायूसंवेदक म्हणजे सेन्सरच. फक्त त्याला वात आणि तेल लागत असे.

हाच दिवा कोळशाच्या खाणीत नेला, तर तो विझत नाही. भडकतो. पेवात प्राण वाचवणारी वस्तू खाणीत प्राण घेते. मिथेन ओळखण्याची सगळी विद्या या एका अडचणीतून जन्मली आहे.

मिथेन हा एक कार्बन आणि चार हायड्रोजन एवढाच साधा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. हवेच्या निम्म्याहून थोडा जड, त्यामुळे तो वर चढतो आणि खाणीच्या छताला पातळ थर करून चिकटून राहतो. हवेत त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली असेल तर ते मिश्रण पेट घेऊन पसरत नाही. पंधराच्या वर गेले तर जळायला प्राणवायू पुरत नाही. मधला टापू स्फोटाचा, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत भीषण. ठिणगी किती लागते? ०.२८ मिलिज्यूल. हिवाळ्यात अंगातून नायलॉनचे कापड काढताना जो चटका बसतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते.

हा वायू कोळशात येतो कुठून, हे समजायला पुन्हा कावेरीच्या खोऱ्यातच यावे लागते. लाखो वर्षे वनस्पती दबून कोळसा होत असताना मिथेन तयार होतो आणि कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतो. वरच्या खडकाचा आणि पाण्याचा दाब त्याला तिथे धरून ठेवतो. दाब कमी झाला की तो सुटतो. तंजावर आणि तिरुवारूर जिल्ह्यांतल्या भातशेतीखाली खोलवर लिग्नाइट आहे. २०१० साली केंद्र सरकारने मन्नारगुडी परिसरातला ६९१ चौरस किलोमीटरचा पट्टा या लिग्नाइटमधला मिथेन काढण्यासाठी एका कंपनीला दिला. पद्धत अशी, की विहिरी खणायच्या, कोळशाच्या थरातले पाणी उपसायचे, दाब उतरला की वायू वर येतो. पाणी उपसणार म्हटल्यावर शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला. भूजल खाली गेले आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकले, तर भाताचे काय? सेंद्रिय शेतीचे प्रचारक जी. नम्माळ्वार गावोगाव फिरले. ३० डिसेंबर २०१३ रोजी त्यांचा मृत्यू झाला तोही याच मोहिमेवर असताना. अखेर योजना गुंडाळली गेली, आणि २०२० मध्ये तमिळनाडूने कायदा करून कावेरीचे खोरे संरक्षित कृषी क्षेत्र ठरवले. शेतकऱ्यांची बाजू मला रास्त वाटते. पण इथे सांगायचा मुद्दा भौतिकशास्त्राचा आहे. तिथे जे मुद्दाम करायचे होते, तेच खाणीत आपोआप घडते. फेसवर, म्हणजे खोदकामाच्या टोकाशी, कोळसा तोडला की दाब मोकळा होतो आणि वायू सुटतो. नुसता बाहेरच्या हवेचा दाब उतरला, म्हणजे वादळ येऊ घातले, तरी कोळसा काढून झाल्यावर मागे उरलेल्या पोकळीतून, खाणकामगारांच्या भाषेत ‘गोफ’मधून, वायू बाहेर झिरपतो.

आता खाणीतल्या दिव्याच्या अडचणीकडे परत येऊ. २५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंग या गावच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले मेली. त्यानंतर हंफ्रे डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला गळ घालण्यात आली आणि १८१५ च्या अखेरीस त्याने आपला दिवा पुढे आणला. युक्ती थक्क करणारी साधी होती. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, चौरस इंचाला ७८४ छिद्रे. वायू जाळीतून आत जातो आणि आत जळतो. पण ज्वाळा बाहेर येऊ लागली की जाळीची तार तिची उष्णता शोषून घेते, आणि थंड झालेली ज्वाळा पलीकडच्या वायूला पेटवू शकत नाही. डेव्हीने या दिव्याचे पेटंट घेतले नाही. त्याच सुमाराला जॉर्ज स्टीफन्सनने, आगगाडीवाल्या स्टीफन्सननेच, स्वतंत्रपणे असाच दिवा केला होता.

पुढे हाच दिवा मापनयंत्र झाला. वात अगदी बारीक केली की ज्योतीच्या वर फिकट निळी टोपी दिसते. मिथेन जास्त तेवढी टोपी उंच. आपल्या खाणींत ‘सरदार’ हे पद आहे. हा राजेरजवाड्यांचा सरदार नव्हे. पाळीतल्या आपल्या भागाची सुरक्षितता ज्याच्या शिरावर असते तो हा माणूस. वायू तपासण्याच्या परीक्षेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय त्याला हे काम करता येत नाही. अंधारात दिवा छताकडे नेऊन, श्वास रोखून ती निळी टोपी वाचणारे सरदार पिढ्यान्‌पिढ्या झाले. तयार डोळ्याला सव्वा टक्क्याच्या आसपासचा वायू दिसे. मला या दिव्याचा एक गुण फार मोलाचा वाटतो. मोजणारे यंत्र म्हणून तो बिघडला तर विझतो, आणि विझलेला दिवा कुणालाही दिसतो.

दिवा होता तरी माणसे मरत राहिली. डेव्हीच्या दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेल्या, वायूने भरलेल्या जागा पुन्हा उघडल्या. आपल्याकडे १९ फेब्रुवारी १९५८ ला चिनाकुरी खाणीत पावणेदोनशेच्या आसपास कामगार गेले. २८ मे १९६५ ला धोरी खाणीत २६८ जण गेले. तिथे कोळशाची धूळ पेटली होती. मिथेनचा छोटा भडका सगळ्या बोगद्यातली धूळ उडवतो आणि ती धूळच बारूद होते. इतक्या अलीकडे, ६ सप्टेंबर २००६ ला, झारखंडमधल्या भाटडीह इथल्या खाणीत स्फोटाने ५० जणांचा बळी घेतला.

डोळ्याला दिसण्याआधी, आणि माणूस तिथे नसतानाही, वायू कळायला हवा होता. १९६० च्या सुमाराला ब्रिटनच्या खाणसुरक्षा संशोधन संस्थेत ॲलन बेकर याने त्यासाठी एक मणी घडवला. प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेची वेटोळी, तिच्यावर ॲल्युमिनाचा खसखशीएवढा लेप, आणि त्यावर पॅलेडियमसारखा उत्प्रेरक धातू. तारेतून वीज सोडून मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. मिथेन मण्याला स्पर्शला की उत्प्रेरकाच्या मदतीने ज्वाळेविना जळतो; मणी आणखी तापतो; तारेचा विद्युतरोध वाढतो. शेजारी उत्प्रेरक नसलेला जुळा मणी ठेवलेला असतो, म्हणजे खाणीतल्या उकाड्याने दोन्ही मणी सारखेच तापतात आणि फरक उरतो तो फक्त वायूचा. हा फरक मोजायचा. मण्याभोवती सच्छिद्र धातूची चकती असते. आत जळणारा वायू बाहेरच्या वायूला पेटवू नये म्हणून ती असते. म्हणजे डेव्हीचीच जाळी, नव्या रूपात.

या मण्याने असंख्य जीव वाचवले आहेत आणि आजही तो जगभरच्या खाणींत, तेलशुद्धीकरण कारखान्यांत काम करतो आहे. पण त्याचा एक दोष असा आहे की तो समजून घेतल्याशिवाय कुणी ते यंत्र कमरेला लावू नये. सिलिकॉनयुक्त वंगणाचा फवारा, काही हँडक्रीम, शिशाची संयुगे यांचा अंश मण्यावर बसला की उत्प्रेरक मरतो. गंधकाची संयुगेही त्याची धार बोथट करतात. मेलेला मणी तापलेलाच राहतो, यंत्राचा दिवा लुकलुकत राहतो, पडद्यावर आकडा येतो. तो आकडा असतो शून्य.

स्वच्छ हवेतही यंत्र शून्य दाखवते आणि मेलेला मणीही शून्यच दाखवतो. विझलेला दिवा ओरडून सांगत होता. मेलेला मणी गप्प बसतो. आणि शून्यावर पोहोचण्याची हीच एक वाट नाही. मण्याला वायू जाळायला प्राणवायू लागतो. मिथेन दहा टक्क्यांच्या वर चढत गेला की प्राणवायू अपुरा पडतो आणि आकडा पुन्हा उतरू लागतो. निव्वळ मिथेनमध्ये तर यंत्र जवळपास काहीच दाखवत नाही. पाळीच्या सुरुवातीला यंत्र ‘शून्यावर आणताना’ आसपास आधीच थोडा वायू असला, तर तो वायूच यंत्राचे शून्य बनतो. आणि यंत्र उत्तम असून कुणी ते कंबरेच्या उंचीवर टांगले, तर छताला वायूचा थर असतानाही खाली शून्य.

म्हणून प्रत्येक पाळीआधी यंत्राला ठरावीक प्रमाणातला मिथेन दाखवून ते ओरडते का, हे पाहण्याची पद्धत आहे. कामगारांच्या बोलण्यात त्याला ‘बंप टेस्ट’ म्हणतात. मिनिटभराचे काम. कंटाळवाणे, रोजचे, आणि घाईच्या दिवशी सर्वांत आधी टाळले जाणारे. सगळ्या नव्या संशोधनापेक्षा या एका मिनिटाला मी जास्त महत्त्व देतो.

आकडा वाचण्यातही एक खाचखळगा आहे. खाणीचे नियम मिथेनचे प्रमाण हवेच्या टक्क्यांत सांगतात. कारखान्यांतली आणि गटारांसाठीची यंत्रे मात्र बहुधा स्फोटाच्या खालच्या मर्यादेचे टक्के दाखवतात. पाच टक्के मिथेन म्हणजे त्या पट्टीवर शंभर. तिथला २५ हा आकडा म्हणजे प्रत्यक्षात सव्वा टक्का. आणि सव्वा टक्का हा किरकोळ आकडा नाही. आपल्या कोळसा खाण विनियमांनुसार खाणीत कुठेही मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला, तर वीज तोडायची आणि माणसे मागे घ्यायची. परतीच्या हवेत, म्हणजे ‘रिटर्न’मध्ये, मर्यादा आणखी कडक, ०.७५ टक्के. कोळशाचे थर वायूच्या प्रमाणानुसार तीन श्रेणींत विभागलेले आहेत; दर टन कोळशामागे दहा घनमीटरहून जास्त वायू सुटत असेल तर तिसरी श्रेणी. धनबादजवळची मुनिडीह खाण या श्रेणीत मोडते. या वर्गवारीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी, की तिच्यात शून्य श्रेणीच नाही. कितीही निर्धोक वाटणारा थर असो, तो निदान पहिल्या श्रेणीत धरायचा. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात ज्यांच्या घरातले कुणी भूमिगत खदानीत जाते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पहिली श्रेणी म्हणजे वायू नाही, असे नव्हे.

मण्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न साठ वर्षे चालू आहेत. १९६२ साली जपानमध्ये तेत्सुरो सेइयामा यांनी दाखवून दिले की झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युतरोध आसपासच्या वायूनुसार बदलतो. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइड वापरून पेटंटसाठी अर्ज केला. घरगुती गॅसच्या स्फोटांनी जपान तेव्हा हैराण होता. तत्त्व असे: तापलेल्या ऑक्साइडच्या कणांवर हवेतला प्राणवायू बसतो आणि कणांतले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून वीज अडते. जळाऊ वायू आला की तो हा प्राणवायू वापरून टाकतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, वीज वाहू लागते. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून आता नॅनोकणांची धडपड. तंजावरजवळच्या सास्त्र विद्यापीठात, ज्याचे एक केंद्र श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाने कुंभकोणममध्येच आहे, झिंक ऑक्साइडचे असे पातळ थर फवारणीच्या पद्धतीने बनवून अमोनियासारखे वायू ओळखण्याचे काम बरेच झाले आहे. तापलेल्या काचेवर जस्ताच्या क्षाराचे द्रावण फवारायचे आणि थर चढवायचा. साहित्य स्वस्त, म्हणून आपल्याकडच्या प्रयोगशाळांना परवडणारे.

अमोनिया सोपा आहे, मिथेन अवघड. मिथेनच्या रेणूत चारी बाजूंना हायड्रोजन सारखे बसलेले, कुठे विद्युतभाराचा तोल ढळलेला नाही, आणि कार्बन-हायड्रोजनचा बंध चिवट. त्याला पृष्ठभागावर अभिक्रिया करायला लावायची तर चारशे-पाचशे अंशांची उष्णता किंवा पॅलेडियमची फोडणी लागते. इतके करूनही हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मिथेनच्या आधी प्रतिसाद ओढून घेतात. शिवाय खाणीतली हवा दमट, आणि बाष्पही त्याच कणांवर बसते. प्रयोगशाळेतल्या कोरड्या, स्वच्छ हवेत सुंदर आलेख देणारा संवेदक खाणीत बावचळतो तो यामुळे. नव्या संवेदकाची बातमी वाचताना वाचकाने एवढेच विचारावे: किती आर्द्रतेत, किती महिने?

तिसरी वाट प्रकाशाची. मिथेन ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश गिळतो. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला शोधक, मध्ये खाणीची हवा. जितका प्रकाश कमी पोहोचेल तितका वायू जास्त. इथे जळणे नाही, म्हणून प्राणवायू लागत नाही आणि विषबाधाही नाही. निव्वळ मिथेनमध्येही आकडा बरोबर येतो. शेजारी मिथेन न गिळणाऱ्या तरंगलांबीचा दुसरा प्रकाशही मोजला जातो. त्यामुळे आरशावर धूळ बसली किंवा दिवा मंदावला, की यंत्राला आपली दृष्टी अधू झाल्याचे कळते आणि ते शून्य दाखवण्याऐवजी बिघाड कळवते. डेव्हीच्या विझणाऱ्या दिव्याचा गुण इथे परत आला. यंत्र महाग आहे, धूळ आणि बाष्प त्यालाही छळतात, तरी खाणीत कायमचे टांगायचे असेल तर माझे मत याच जातीच्या बाजूने आहे.

कुंभकोणममध्ये खाण नाही. पण खाणीचा वायू तिथल्या रस्त्यांखालीही आहे, जसा तो सोलापूरच्या, नाशिकच्या रस्त्यांखाली आहे. मैला सडतो तिथे मिथेन होतो, आणि त्याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. ‘वास गेला, हवा मोकळी झाली’ असे समजून माणूस उतरतो आणि परत येत नाही. नाकही अशा वेळी शून्यच दाखवते.

२०१५ मध्ये कोळीकोडला मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचवायला गेलेला एक रिक्षाचालक, असे तिघे मेले. त्या घटनेने हेलावलेल्या केरळच्या तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ हा मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव बनवला, आणि तमिळनाडूत तो सुरुवातीलाच आणणाऱ्या शहरांत कुंभकोणम होते. मॅनहोलच्या तोंडावर उभे राहणारे चौकटीसारखे यंत्र, खाली जाणारा हात, कॅमेरा, आणि वायू ओळखणारे संवेदक. माणूस वर, रस्त्यावर, पडद्यासमोर. खाणीत जे अजून पूर्ण साधलेले नाही ते गटारात साधता येते: जिथे वायू आहे तिथे माणूस पाठवायचाच नाही.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जागा सरकारी गटारे नसून सोसायट्यांच्या आणि घरांच्या टाक्या असतात. तुमच्या सोसायटीची टाकी साफ करायला माणसे आली, तर उपसा यंत्राने, वरूनच करायला सांगा. कुणी आत उतरायची तयारी करू लागला तर त्याला अडवा. आणि कुणी वायूचे यंत्र दाखवून ‘शून्य आहे’ असे म्हणाला, तर विचारा, आज सकाळी या यंत्राला वायू दाखवून पाहिला होता का?